नावे आणि जमा : घराण्यांच्या आठवणींचा ताळेबंद
(शिरूर-दौंड परिसराच्या इतिहासाच्या निमित्ताने)

आश्विन अमावास्या हा भगवान महावीरांचा निर्वाणदिन. त्याच सायंकाळी व्यापाऱ्याच्या पेढीवर नव्या वहीचे पूजन होते. पहिल्या पानावर कुंकवाने स्वस्तिक रेखाटले जाते, एकाखाली एक 'श्री' लिहून शिखर उभे केले जाते आणि त्याखाली गौतमस्वामींची लब्धी, शालिभद्राची ऋद्धी, अभयकुमाराची बुद्धी व बाहुबलीचे बळ मागितले जाते. या प्रथेत एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. नव्या वर्षाचा हिशेब मांडावयास बसलेला व्यापारी प्रथम आकडा लिहीत नाही. पूर्वी होऊन गेलेल्या माणसांची नावे लिहितो. वही ही मुळातच स्मरणाची वस्तू आहे.

एखाद्या विश्वस्त संस्थेला ५० वर्षे पूर्ण होतात, तेव्हा तिच्या जागेची, ठेवींची व दानाची मोजदाद सहज करता येते. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यानुसार तिच्या मिळकतीची नोंद झालेली असते, दरवर्षी लेखापरीक्षण झालेले असते, सभांची इतिवृत्ते बांधून ठेवलेली असतात. परंतु ज्या घराण्यांच्या घामातून ती संस्था उभी राहिली, त्यांच्या आठवणींची नोंद कोणत्याही परिशिष्टात नसते. दात्याचे नाव संगमरवरी फलकावर राहते. त्या नावामागची हकीकत मात्र घरातील एखाद्या वृद्ध व्यक्तीच्या ओठांवर असते आणि त्या व्यक्तीबरोबरच निघून जाते. पुढील पिढ्यांसाठी या हकीकती कशा जतन कराव्यात, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे कोणत्या कराव्यात, हा सुवर्ण महोत्सवी वर्षात विचार करण्यासारखा प्रश्न आहे.

घोडनदीची छावणी, दौंडचा रूळ

शिरूर हे गाव आजही अनेकांच्या तोंडी 'घोडनदी' आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांची मोठी लष्करी छावणी येथे होती. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची तुकडी याच छावणीतून निघाली आणि दुसऱ्या दिवशी कोरेगाव-भीमा येथे लढाई झाली. पुढे घोडदळाच्या 'पूना हॉर्स' या पथकाचे ठाणेही दीर्घकाळ शिरूरला होते. छावणी आली की तिच्यामागे बाजार येतो. धान्य, कापड, किराणा, घोड्यांचा चारा आणि पगार होईपर्यंतची उधारी, या सर्वांची गरज भासते. मारवाड आणि गुजरातकडील व्यापारी कुटुंबांनी या बाजारात आपला जम बसविला.

दौंडची कथा रुळांची आहे. मुंबईहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८५८ मध्ये पुण्यापर्यंत आणि पुढे भीमेच्या काठाने सोलापूरच्या दिशेने सरकली. १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला आणि 'ढोंड' या नावाने नकाशावर असलेले गाव मोठे जंक्शन बनले. हा मार्ग बांधला जात असतानाच १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ पडला होता आणि पोटासाठी बाहेर पडलेल्या माणसांनी या कामावर खडी फोडली. घोडनदीचे पाणी भीमेला मिळते, तसा शिरूरचा छावणीचा बाजार आणि दौंडचा रेल्वेचा बाजार हळूहळू एकमेकांत मिसळत गेला. सोयरिकी झाल्या, पेढ्या विभागल्या गेल्या, एका भावाचे दुकान इकडे तर दुसऱ्याचे तिकडे झाले.

मारवाडातून माणसे एकाच लाटेत आली नाहीत. कोणी छावणीच्या काळात आले, कोणी रेल्वेबरोबर. विक्रम संवत १९५६ मध्ये, म्हणजे १८९९-१९०० साली, राजस्थानात जो दुष्काळ पडला त्याला तिकडे 'छप्पनियो' म्हणतात. त्या काळानेही अनेकांना घर सोडावयास लावले. म्हणून 'आमचे पूर्वज कधी आले?' या प्रश्नाचे प्रत्येक घराचे उत्तर वेगळे आहे आणि ते प्रत्येक घरालाच शोधावे लागते.

नैवेद्याने टिकलेली आठवण

आठवण कशी टिकते याचे एक विलक्षण उदाहरण शिरूरमध्येच आहे. येथील छावणीतील कर्नल वॉलेस हा इंग्रज अधिकारी १८०९ मध्ये मरण पावला. त्याची समाधी शिरूरला आहे. लोक त्याला 'सत्पुरुष' मानू लागले. १८८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरने नोंद केली आहे, की सुगीच्या वेळी आसपासचे गावकरी नव्या धान्याचा नैवेद्य या समाधीला आणतात. त्याच नोंदीत असेही म्हटले आहे, की ब्राह्मण व मारवाडी सोडून इतर सर्व हिंदू येथे पूजा करतात.

या नोंदीतून दोन गोष्टी उमगतात. पहिली अशी, की परक्या देशातील, परक्या धर्माच्या माणसाची आठवण पाऊणशे वर्षे टिकली, कारण दरवर्षी ठरल्या वेळी कोणीतरी तिच्यासाठी काही करीत होते. नुसत्या दगडी समाधीने हे साधले नसते. दुसरी गोष्ट अधिक विचार करावयास लावणारी आहे. गावाच्या त्या सामाईक आठवणीत मारवाडी कुटुंबे सामील नव्हती. ती गावात राहत होती. परंतु सरकारी लेखकाने त्यांची नोंद 'हे सोडून' अशी केली. ज्या समाजाने स्वतःची हकीकत स्वतः लिहून ठेवली नाही, त्याची ओळख दुसऱ्याच्या लेखणीतून अशीच उरते.

१८७५ : जळालेले कागद

शिरूर-दौंड परिसरातील व्यापारी घराण्यांचा इतिहास सांगताना एक पान बहुधा उलटून पुढे जाण्याची रीत आहे. ते पान १८७५ चे आहे.

डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातील करडे गावी एका मारवाडी सावकाराने कर्जापोटी गावातील प्रतिष्ठित देशमुखाचे घर ताब्यात घेतले व ते पाडावयास काढले. गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला. त्यांची जमीन कोणी कसेना, पाणी कोणी भरेना, न्हावी दाढी करेना. ही चळवळ गावोगाव पसरली. १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, सुपे येथे जमावाने सावकारांच्या घरांवर व दुकानांवर हल्ला केला. सुपे आज बारामती तालुक्यात आहे. त्या वेळी ते भीमथडी तालुक्यात होते आणि दौंडचा परिसरही त्याच भीमथडीत मोडत असे. पुढील काही आठवड्यांत पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत असेच प्रकार घडले. इतिहासात हे 'दख्खनचे दंगे' म्हणून ओळखले जातात.

या दंग्यांचे वैशिष्ट्य असे, की लोकांचा रोख प्रामुख्याने कागदांवर होता. कर्जरोखे, हुकूमनामे आणि वह्या मागितल्या जात व चव्हाट्यावर जाळल्या जात. ज्याने कागद मुकाट्याने दिले, त्याला बहुधा फारसा उपद्रव झाला नाही. ज्याने नाकारले, त्याला मार व जाळपोळ सोसावी लागली. ज्यांचे कागद जळाले त्यांत मारवाडी आणि गुजराती सावकार होते आणि त्यांत जैन कुटुंबेही होती.

याची कारणे एकट्या सावकाराच्या लोभात नव्हती, हेही तितकेच खरे आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात कापसाचे भाव कडाडले, पत वाढली, कर्जे सहज मिळाली. युद्ध संपताच भाव कोसळले. त्याच सुमारास जमाबंदीची ३० वर्षांची मुदत संपून शेतसारा मोठ्या प्रमाणावर वाढविण्यात आला आणि तो रोख भरावा लागे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्याची मुदत तीन वर्षांवर आणली. हेतू रयतेच्या संरक्षणाचा होता. परंतु दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेण्याची वाट त्यातून निघाली. रयतेला वाचता येत नव्हते आणि वही सावकाराच्या हाती होती. सरकारने नेमलेल्या आयोगाने साक्षी घेतल्या आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. त्या कायद्याने न्यायालयाला रोख्यामागील मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला आणि कुणब्याला पावती व हिशेब मिळण्याची तरतूद केली.

आज हे प्रकरण देशभरातील बारावीच्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात आहे. शाळेतून घरी आलेला नातू आजोबांना विचारतो, 'हे आपल्याच भागात घडले ना? तेव्हा आपले कोणी होते का?' बहुतेक घरांत या प्रश्नावर शांतता पसरते. कधी ठाऊक नसते म्हणून, कधी ठाऊक असूनही. त्या वर्षी घरातील बायकामुले कोठे होती, शेजारच्या कोणी आसरा दिला का, कोणी आपणहून रोखे फाडले का, जळालेल्या वहीनंतर पुन्हा उधारी देताना माणसाच्या मनात काय आले, हे कोणत्याही सरकारी अहवालातून कळण्यासारखे नाही. ते घरांनीच सांगावयाचे होते. दंग्यात वह्या जळाल्या, हे नुकसान पहिले. त्याविषयी घरांनी मौन धरले, हे दुसरे. पहिले एका दिवसात झाले, दुसरे चार पिढ्या चालू आहे.

बनारसीदासांचा धडा

घराण्याची कथा लिहिताना अपयश व चूक यांनाही जागा असावी, ही कल्पना जैन समाजाला नवी नाही. जौनपूर येथे १५८६ मध्ये जन्मलेले बनारसीदास हे श्रीमाळ कुळातील व्यापारी. त्यांनी १६४१ मध्ये आग्रा येथे 'अर्धकथानक' हे पद्यात्मक आत्मचरित्र पूर्ण केले. मनुष्याचे पूर्ण आयुष्य ११० वर्षांचे मानून, आपण ५५ वर्षांचे झालो, म्हणजे ही अर्धी कथा, असे त्यांनी नाव ठेवले. ६७५ कडव्यांचा हा ग्रंथ हिंदीतील पहिले आत्मचरित्र मानला जातो.

या ग्रंथात काय आहे? आपल्या पूर्वजांपासून त्यांनी प्रारंभ केला आहे. व्यापारात आलेली खोट आहे. तारुण्यातील भरकटणे आहे. १६०५ मध्ये अकबराच्या मृत्यूची वार्ता येताच जौनपूरच्या बाजारात उडालेली घबराट आहे. आग्र्यात हाताशी पैसा नसताना एका कचोरीवाल्याने महिनोन्‌महिने उधारीवर जेवू घातले, तेही आहे. एकामागून एक गेलेल्या नऊ अपत्यांचे दुःख आहे. शेवटी त्यांनी आपले गुण आणि दोष दोन्ही प्रामाणिकपणे मांडले आहेत. जणू खात्याच्या दोन बाजू. बनारसीदासांच्या काळातील पुष्कळ श्रीमंत व्यापाऱ्यांची नावे आज कोणालाही आठवत नाहीत. उधारीवर कचोरी खाणारा हा व्यापारी मात्र चारशे वर्षांनंतरही वाचला जातो.

त्याबरोबर हेही विसरता येत नाही, की हा ग्रंथ दीर्घकाळ हस्तलिखितांतच राहिला. १९४३ मध्ये मुंबईचे नाथूराम प्रेमी यांच्यासारख्या अभ्यासकांनी तो छापून आणला, तेव्हा कोठे तो सर्वांच्या हाती आला. मधली तीनशे वर्षे कोणी ना कोणी ती हस्तलिखिते वेष्टनात बांधून, धूळ झटकून सांभाळली होती. लिहिणाऱ्याइतकेच श्रेय त्या अनाम हातांचेही आहे.

वहीत काय असते, काय नसते

जुन्या घरांच्या माळ्यावर आजही लाल कापडात बांधलेल्या वह्या आढळतात. रोजमेळ, खतावणी, उधारीची वही, लग्नाच्या खर्चाची वही. कायद्याला काही वर्षांचेच हिशेब लागतात. त्यामुळे घर नव्याने बांधताना त्या रद्दीत जातात. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी शंभर वर्षांपूर्वी वाड्यावाड्यांतून हिंडून कागद गोळा केले आणि १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. त्या कामाने सरदार-इनामदारांचे कागद पुष्कळ प्रमाणात वाचले. व्यापाऱ्यांच्या वह्यांकडे मात्र इतिहासाचे साधन म्हणून व्यापाऱ्यांनीच पाहिले नाही.

आणखी एक अडचण लिपीची आहे. मारवाडी पेढ्यांची महाजनी लिपी काना-मात्रा न देता लिहिली जाई. 'काकाजी अजमेर गये' हा मजकूर वाचणाऱ्याने 'काकाजी आज मर गये' असा वाचला आणि घरात रडारड झाली, हा विनोद मारवाडी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो. आज विनोद उरला आहे. लिपी वाचणारे मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके राहिले आहेत. १९५७ पूर्वीच्या वहीतील रुपये, आणे, पै आणि त्या काळातील गज व वार यांचा अर्थही नव्या पिढीला समजावून द्यावा लागतो.

वहीत स्त्रियांची नावे क्वचित येतात. वंशावळी सांभाळणाऱ्या भाटांच्या पोथ्यांतही बापामागून मुलगा अशीच साखळी असते. परंतु लग्नाच्या वहीतील मायऱ्याची यादी नीट वाचली, तर कोणाला कोणती साडी, कोणाला किती वार कापड, या नोंदींतून आत्या, मावशी, नणंदा यांचे सारे गणगोत उलगडते. जुन्या जैन हस्तलिखितांच्या शेवटी येणाऱ्या प्रशस्तींतही ग्रंथ लिहवून घेणाऱ्या श्राविकांची नावे आढळतात. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत जैन हस्तलिखितांचा मोठा संग्रह आहे. शास्त्रदानाच्या पुण्यासाठी लिहिलेल्या त्या ओळी आज कुटुंबांच्या इतिहासाचे साधन ठरतात. दुकानाची वही पुरुषांची राहिली, तरी घरातील गोष्टी सांभाळल्या त्या प्रामुख्याने सासू-सुनांनी, आणि त्याही बहुधा मारवाडीत. नातवंडांना ती बोली समजते. बोलता येतेच असे नाही. आणखी एका पिढीनंतर कदाचित समजणारही नाही.

२०२० आणि २०२१ या दोन वर्षांच्या महासाथीत कितीतरी घरांतील वडीलधारी माणसे अचानक गेली. अखेरची भेटही घडली नाही, तेथे हकीकती विचारणे दूरच. 'पुढच्या दिवाळीत निवांत बसून विचारू' असे म्हणत राहिलेल्या घरांना त्याची हळहळ आजही वाटते.

ज्ञानपंचमीचा संकल्प

उपाय परंपरेतच आहे. दिवाळीनंतर पाच दिवसांनी, कार्तिक शुद्ध पंचमीला, श्वेतांबर समाज ज्ञानपंचमी पाळतो. दिगंबर समाज ज्येष्ठ शुद्ध पंचमीला श्रुतपंचमी पाळतो. या दिवशी ग्रंथांचे पूजन होते. भांडारातील पोथ्या बाहेर काढून, झटकून, नव्या वेष्टनात बांधण्याची प्रथा याच निमित्ताने रुजली. वॉलेसची आठवण जशी सुगीच्या नैवेद्याने टिकली, तशी घराण्याची आठवणही ठरलेल्या दिवसाला बांधली, तर टिकेल.

त्या दिवशी प्रत्येक घराने इतके करावे. माळ्यावरील वह्या, पत्रे, लग्नपत्रिका व छायाचित्रे खाली काढावीत. कोरड्या मऊ फडक्याने पुसून, धुऊन कांजी घालविलेल्या सुती कापडात बांधावीत. कांजीच्या कापडाला कसर लवकर लागते. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल धरते, म्हणून ती टाळावी. छायाचित्रामागे पेन्सिलीने नावे, गाव व साल लिहावे. घरातील सर्वांत वडील स्त्री व पुरुष यांना तासभर बोलते करावे आणि मोबाईलवर ध्वनिमुद्रण करून ठेवावे. त्यांच्या बोलीतच, मध्ये न अडविता. ऐकलेले नंतर मराठीत लिहून काढावे, सांगणाऱ्याचे नाव व तारीख घालावी. स्त्रियांची नावे माहेरच्या गावासह लिहावीत. स्वतः पाहिलेले कोणते आणि ऐकलेले कोणते, हे वेगळे नोंदवावे. महाजनी वाचणारे कोणी हयात असेल, तर दोन तरुणांनी त्यांच्याकडे बसून ती लिपी शिकून घ्यावी. संस्थेने एक कपाट त्यासाठी राखून ठेवावे आणि त्याची सूची करावी. यास मोठा निधी लागत नाही.

मात्र एक पथ्य अवश्य पाळावे. केवळ गौरवाच्या गोष्टी लिहू नयेत. धर्मशाळा बांधली ते लिहावे. कोणाचे घर लिलावात घेतले असेल, तर तेही लिहावे. दुष्काळात कोणाला धान्य दिले ते लिहावे. कोणाचे उपकार फेडावयाचे राहिले, तेही लिहावे. भावाभावांचे तुटलेले अबोले, मोडलेली पेढी, जळालेली वही, काहीही वगळू नये. ज्या वहीत फक्त जमा आहे आणि नावे नाही, तिचा ताळा कधीच जमत नाही आणि जाणता लेखापाल अशी वही खरी मानत नाही. पुढची पिढीही मानणार नाही. तिच्या हाती पाठ्यपुस्तक आहे, सरकारी अहवाल आहेत, शेजारच्या घरांतील आठवणीही आहेत.

जैन धर्माने यासाठी एक साधन पूर्वीच दिले आहे. प्रतिक्रमण म्हणजे मागे परतणे, घडलेल्या दोषांकडे जाणीवपूर्वक पाहणे. व्यक्ती ते करते आणि संवत्सरीला सर्व जीवांची क्षमा मागते. घराणेही ते करू शकते. सुपे आणि करडे यांच्या आठवणी ज्या कुणबी घरांत आहेत आणि ज्या व्यापारी घरांत आहेत, ती घरे आज एकाच बाजारात, एकाच शाळेच्या पालकसभेत, एकाच बँकेच्या रांगेत शेजारी उभी असतात. दोन्हीकडच्या आठवणी एकमेकांसमोर मोकळेपणाने वाचल्या गेल्या, तर दीडशे वर्षांपूर्वी आगीने जे खाते अर्धवट राहिले, ते शब्दांनी पुरे करता येईल.

पुढील दिवाळीत नवी वही उघडली जाईल. तिच्यामागील काही कोरी पाने घरासाठी राखून ठेवावीत आणि पाचव्या दिवशी ती लिहावयास घ्यावीत.

॥ जय जिनेंद्र ॥